कमरेला पट्टा नको, पोत्याखाली कट्टा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम सुरू झाला आहे. द्राक्षबागांत फळछाटणीनंतरची विरळणी आणि फवारण्यांची धांदल आहे. संक्रांत झाली की हळदीची काढणी लागेल आणि सांगलीच्या मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या उभ्या राहतील. आपल्या जिल्ह्यातल्या कष्टकऱ्यांच्या कमरेवर वर्षातला सगळ्यात जास्त ताण याच चार-पाच महिन्यांत येतो. आणि कंबर धरली की पुढची वाटही ठरलेली असते. मेडिकलमधून पट्टा आणायचा, एक इंजेक्शन घ्यायचं, आठ दिवस फळीवर झोपून काढायचे, तरी राहिलं नाही तर एमआरआय. त्यात 'गॅप' निघाला की माणूस वाकायचंच सोडून देतो. या वाटेवरचं जवळजवळ प्रत्येक पाऊल चुकीच्या दिशेनं पडतं. खरा उपाय त्याहून सोपा आणि स्वस्त आहे, म्हणून हे पत्र.

आधी त्या 'गॅप'बद्दल. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. बाहेरून कांद्याच्या पापुद्र्यांसारखी चिवट वेटोळी आणि आत घट्ट जेलीसारखा गर. वय वाढतं तसं त्या गरातलं पाणी कमी होतं आणि गादी पातळ होते. म्हणजे दोन मणक्यांमधली जागा वाढत नाही, उलट कमी होते. 'गॅप' या शब्दानं मात्र लोकांच्या डोळ्यांसमोर उसवलेली शिवण येते आणि धसका बसतो. 'गादी सरकली' हेही तसंच. गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला पक्की चिकटलेली असते, ती जागची हलत नाही. ती फुगते, किंवा तिच्यातला गर मागं ढकलला जातो. पाठीचं कसलंही दुखणं नसलेल्या तीन हजारांहून अधिक माणसांचे स्कॅन एकत्र अभ्यासले गेले, त्याचे आकडे २०१५ साली प्रसिद्ध झाले. विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के माणसांच्या गाद्या झिजलेल्या होत्या. फुगलेली गादी विशीत ३० टक्क्यांना, पन्नाशीत ६० टक्क्यांना दिसली. यातल्या कुणाचीच कंबर दुखत नव्हती. तेव्हा पन्नाशीच्या शेतकऱ्याच्या रिपोर्टात 'गॅप' दिसणं म्हणजे डोक्यात पांढरे केस दिसण्यासारखं आहे. बाहेर आलेला गरसुद्धा पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतो.

मग कंबर दुखते कशानं? बहुतेक वेळा स्नायू, सांधे आणि गाद्यांवर झेपेल त्याहून जास्त ताण, तोही अचानक किंवा तासन् तास एकाच पद्धतीनं पडल्यानं. इथं थोडं गणित समजून घेणं फार उपयोगाचं आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या मागं साधारण पाच सेंटिमीटरवरून ओढ घेतात. हातातलं वजन मणक्यापासून ५० सेंटिमीटर पुढं असेल, तर २० किलो तोलायला स्नायूंना २०० किलोची ओढ द्यावी लागते. तेच वजन पोटाशी, २५ सेंटिमीटरवर आणलं की ओढ १०० किलोवर येते. यात वरच्या धडाचं वजन धरलेलंच नाही. हात लांब करून घागर उचलताना 'खट्' होतं, ते या हिशेबामुळं.

याच धर्तीवर अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेनं १९९१ साली एक सूत्र सुधारून मांडलं. वजन अंगाशी असेल, हात जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर, म्हणजे अडीच फुटांवर असतील, अंग पिळावं लागत नसेल आणि उचल अधूनमधूनच असेल, तर २३ किलोपर्यंत ठीक. तेच वजन थेट जमिनीवरून उचलायचं तर मर्यादा १८ किलोच्या आत येते. हात ५० सेंटिमीटर पुढं गेले की साडेअकरा किलो. आता युरियाची गोणी पाहा. २०१८ पासून ती ५० ऐवजी ४५ किलोची झाली, हे चांगलंच झालं. पण सोसायटीच्या गोदामात ती जमिनीवर आडवी पडलेली असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली होती, त्यात आपली पोती बसतात. मात्र पोतं कुठल्या उंचीवर आहे हा प्रश्न त्या आकड्यात येत नाही, आणि कमरेच्या दृष्टीनं तोच मोठा आहे. ट्रकच्या फाळक्यावरून पाठीवर घेतलेलं पोतं हमालाला जेवढं जड जातं, त्याच्या कितीतरी पट जमिनीवरचं जातं. यार्डातला कुणीही हमाल हे सांगेल.

'गुडघ्यात वाका, कमरेत वाकू नका' असे फलक लावून किंवा तासाभराचं शिबिर घेऊन फारसं काही साधत नाही, असा आजवरच्या चाचण्यांचा निष्कर्ष आहे. दिवसाला दोनशे पोती हलवणारा माणूस प्रत्येक पोत्याला उकिडवा बसणार नाही, आणि बसलाच तर दुपारपर्यंत त्याचे गुडघे भरून येतील. म्हणून आधी पोतं वर आणा, मग माणसाला शिकवा. तोलाईच्या काट्याजवळ, गाळ्याच्या तोंडाशी, सोसायटीच्या गोदामात अडीच फुटांचा कट्टा असावा. पाठीवर घ्यायचं असेल तिथं तो साडेतीन फुटांपर्यंत चालेल. ट्रॅक्टरची ट्रॉली कट्ट्याला टेकवली की पोतं ओढून घेता येतं, उचलावं लागत नाही. घरच्या शेतकऱ्याला कट्टा बांधणं जमत नसेल तर दोन सिमेंटच्या विटांवर जाड फळी टाकून पोती ठेवावीत. जमिनीपासून जेवढी इंचं वर, तेवढा ताण कमी.

तरीही जमिनीवरून उचलण्याची वेळ येतेच. तेव्हा पोतं आधी उभं करा. एक पाय पोत्याला लागून, दुसरा एक पाऊल मागं, मागचा गुडघा जमिनीला टेकवा. पोतं पुढच्या मांडीवर ओढून घ्या. आता दोन्ही हात खालून घालून ते छातीशी कवटाळा, नजर समोर ठेवा आणि पायांच्या जोरावर उठा. उठताना श्वास कोंडून धरू नका. वळायचं असेल तर पावलं टाकून सगळं अंग वळवा. पाय रोवलेले आणि कंबर पिळलेली, हातात वजन, ही सगळ्यात घातक अवस्था. पोतं देणारा आणि घेणारा असे दोघं असतात तेव्हा हीच चूक सर्रास होते, कारण घेणारा पाय हलवत नाही.

फवारणीचा पाठीवरचा पंप वेगळ्या तऱ्हेनं त्रास देतो. टाकी १६ लिटरची, म्हणजे १६ किलो पाणी, वर बॅटरी आणि सांगाडा. भरलेला पंप वीस किलोच्या पुढं जातो. तो जमिनीवरून एका पट्ट्यानं उचलून, अंगाला झोका देऊन पाठीवर टाकण्याची पद्धत आहे. त्या एका झोक्यात वाकणं, पिळणं आणि वजन लांब असणं असे तिन्ही दोष येतात, आणि दिवसात पंधरा-वीस वेळा येतात. पंप ट्रॉलीच्या किंवा विहिरीच्या कठड्यावर ठेवा, तिथंच बादलीनं भरा, त्याला पाठ लावून दोन्ही पट्टे खांद्यात घाला आणि उभे राहा. पट्टे इतके आवळा की टाकी पाठीला चिकटली पाहिजे, लोंबणारी टाकी मागं ओढते आणि माणूस पोक काढून चालतो. बारा लिटरच भरलं तर दिवसात पाच-सात फेऱ्या वाढतील, पण संध्याकाळी पाठ सरळ राहील.

ऊसतोडीत वाकण्याला पर्याय नाही. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर सगळ्यात जास्त, म्हणून तोड जमिनीलगतच व्हावी लागते. तिथं एकच गोष्ट हातात आहे, ती म्हणजे आळीपाळी. तोडणं, पाचट काढणं, वाढं छाटणं, मोळी बांधणं ही कामं कोयत्यातल्या, म्हणजे तोडणीच्या जोडीतल्या, दोघांनी अर्ध्या-अर्ध्या तासानं बदलून घ्यावीत. सबंध सकाळ एकानं तोडायचं आणि दुसऱ्यानं फक्त बांधायचं असं नको. कमरेत पूर्ण वाकून वीस-तीस मिनिटं काम केलं की मणक्यांना धरून ठेवणारे बंध सैल पडतात आणि ते पूर्ववत व्हायला वेळ लागतो. त्याच सैल अवस्थेत लगेच मोळी उचलली की उसण भरते. म्हणून तोडणी थांबल्यावर आधी दोन मिनिटं ताठ उभं राहा, हात कमरेवर ठेवून पाच-सहा वेळा सावकाश मागं झुका, थोडं चाला, मग मोळीला हात घाला. डोक्यावरचा भार मणक्यावर सरळ उतरतो, तो वाकून उचललेल्या भारापेक्षा बरा. धोका मोळी डोक्यावर चढवताना आणि फळीवरून ट्रॉलीत चढताना असतो. चढवायला कायम दोघं हवेत. आणि मोळी वीस-पंचवीस किलोची बांधली तर कारखान्याचं काहीच बिघडत नाही, तोलाई टनावरच होते.

ट्रॅक्टर चालवणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. सीटखाली वजनानुसार स्प्रिंग कमी-जास्त करण्याची चकती बहुतेक ट्रॅक्टरना असते आणि ती बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षं फिरवलेली नसते. आपल्या वजनाला लावून घ्या. दुसरं, रोटाव्हेटरकडं सतत मान-कंबर वळवून पाहत तासन् तास हादरे खाण्यापेक्षा मोठा आरसा बसवा, आणि पाऊण तासानं खाली उतरा. उतरल्या उतरल्या गोणी उचलू नका.

आता पहाटेचा गोठा. रात्री आडवं पडल्यावर गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळं सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. ही वाढलेली उंची निम्म्याच्या आसपास उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच उतरते. त्या तासात गादी टम्म फुगलेली असते आणि पूर्ण वाकलं की तिच्यावर ताण जास्त येतो. आपल्याकडं पाच वाजता अंथरुणातून उठून पहिलं काम काय, तर वाकून शेण भरणं! क्रम बदला. आधी वैरण टाका, चालणं होऊ द्या, मग बुटक्या स्टुलावर बसून धार काढा, आणि शेणाची पाटी शेवटी. शेण ओढायला लांब दांड्याचं फावडं, झाडायला लांब दांड्याचा झाडू. घरातल्या बाया दिवसभरात जेवढ्या वेळा वाकतात ते कुणी मोजत नाही. दुधाचं चाळीस लिटरचं भरलेलं कॅन एकट्यानं मोटारसायकलवर चढवणं तर बंदच व्हायला हवं.

एवढं करूनही उसण भरली तर? आपल्या भागात अजून पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाकडून पाय लावून घेतात. उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपली आपण उतरते आणि श्रेय पायाळूला जातं. हलक्या पायाचा स्पर्श असेल तर बिघडत नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या ठिसूळ मणक्यावर कुणी भार देऊन उभं राहिलं, तर मणका चेपण्याची भीती असते. पहिल्या दोन दिवसांत करायचं ते असं. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, कंबर आणि गुडघे काटकोनात. दहा-पंधरा मिनिटं. गरम पाण्याच्या पिशवीनं शेका. जागेपणी दर तासाला उठून घरातल्या घरात पाच मिनिटं चाला. उठताना सरळ न उठता आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हातानं रेटा देऊन बसा. दोन दिवसांहून जास्त अंथरुणात पडून राहिल्यानं बरं व्हायला उलट वेळ लागतो. कठीण फळीवरच झोपलं पाहिजे हाही गैरसमज आहे. मध्यम घट्ट गादीवर जुनाट कंबरदुखीवाल्यांना जास्त आराम पडतो. दुखणं कमी होईल तसं हलक्या कामाला लागा. बहुतेकांना दोन ते सहा आठवड्यांत बरं वाटतं.

वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, विशेषतः किडनी, रक्तदाब किंवा अल्सर असेल तर. बाजारात नाव-गाव नसलेल्या 'सांधेदुखीच्या पुड्या' मिळतात, त्यांपासून कटाक्षानं लांब राहा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. चार दिवस जादू होते आणि हाडं पोखरतात. पट्ट्याविषयी बोलायचं तर, डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पट्टे आणि वजन लावून ओढ देणं या दोन्ही गोष्टी नेहमीच्या उपचारात नकोत असं स्पष्ट म्हटलं आहे. मणका मोडला असेल किंवा शस्त्रक्रियेनंतर सर्जननं सांगितला असेल तर पट्टा वापरावा, एरवी नाही.

मग पुन्हा दुखू नये म्हणून काय? तीस हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचण्यांचा एकत्र अभ्यास २०१६ साली आला. व्यायाम आणि माहिती यांची जोड दिली तर वर्षभरात कंबरदुखीचा धोका ४५ टक्क्यांनी घटला. नुसती माहिती, नुसता पट्टा यांनी घटला नाही. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांवरच्या चाचणीत तर फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली चालायला लावलं होतं आणि जोडीला थोडी माहिती दिली होती. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. चालणाऱ्यांतल्या निम्म्यांना पुन्हा दुखायला २०८ दिवस लागले, उपचार न दिलेल्या गटातल्या निम्म्यांना ११२ दिवसच. सांगलीत आमराई आहे, कृष्णेचा घाट आहे. गावाकडं बांध आणि पाणंद आहे. रानात दिवसभर फिरणं होतंच की, असं शेतकरी म्हणतात. ते फिरणं थांबत-वाकत असतं. सलग, हात मोकळे सोडून, थोडा दम लागेल असं चालणं वेगळं.

चालण्याला तीन व्यायामांची जोड द्या. सगळे मिळून दहा मिनिटांचे आहेत. पहिला : पाठीवर झोपा, एक गुडघा उभा, दुसरा पाय सरळ, दोन्ही तळवे कमरेच्या पोकळीखाली. डोकं आणि खांदे जेमतेम दोन इंच उचलून दहा सेकंद धरा. मान पुढं ओढू नका. दुसरा : कुशीवर वळून कोपर आणि गुडघ्यावर अंग तोला, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एक रेष, दहा सेकंद, मग दुसरी कूस. तिसरा : रांगत्या बाळासारखं चार पायांवर या, उजवा हात आणि डावा पाय सरळ ताणा, दहा सेकंद, मग उलट. प्रत्येक व्यायाम आधी सहा वेळा, थोडा दम घेऊन चार वेळा, मग दोन वेळा. एका दमात जास्त वेळ धरण्यापेक्षा थोडा वेळ आणि पुन्हा पुन्हा, यानं स्नायू न थकता टिकाऊ होतात. उठाबशा आणि पाय न वाकवता पायाचे अंगठे धरणं दुखऱ्या कमरेला नको. सूर्यनमस्कारही दुखणं थांबल्यावर.

वाकायचं कसं हे शिकायला एक काठी पुरते. काठी पाठीवर उभी धरा, एक हात मानेमागं, एक कमरेमागं. डोक्याची मागची बाजू, पाठीचा मध्य आणि माकडहाडाच्या वरचा सपाट भाग, तिन्ही ठिकाणी ती टेकली पाहिजे. आता गुडघे किंचित सैल सोडून ढुंगण मागं नेत वाका. एकही जागा सुटली की समजा, वाकणं खुब्यातून न होता मणक्यातून झालं. रोज दहा वेळा, पंधरा दिवस. नंतर विरळणीचा क्रेट उचलतानाही अंग आपसूक तसंच वाकतं.

आणखी एक. बसून, वाकून दुखणं वाढत असेल आणि कळ पायात उतरत असेल, तर पालथं झोपून पाहा. पाच मिनिटं नुसतं पालथं, मग कोपरांवर, मग तळव्यांवर छाती उचलून दहा वेळा, कंबर सैल. पायातली कळ वर, कमरेकडं सरकली तर चांगली खूण, चालू ठेवा. कळ आणखी खाली पायात गेली तर लगेच थांबवा आणि तपासून घ्या.

काही लक्षणांना मात्र घरी थांबायचं नसतं. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बैठकीच्या जागी बधिरपणा : यापैकी एक जरी असलं तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. इथं उशीर झाला तर गेलेला ताबा परत येत नाही. चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, टाचांवर चालता येत नाही, म्हणजे नस दबून पायाची ताकद चालली आहे. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासायलाच हवा. तो औषधांनी बरा होतो. तिशीच्या आतल्या पोराला सकाळी अर्ध्या तासाहून जास्त कंबर आखडते आणि कामाला लागल्यावर मोकळी होते, तर तो सांधेवाताचा प्रकार असू शकतो. आणि साठीच्या पुढच्या आजीला बसच्या मागच्या सीटवर गतिरोधकाचा हादरा बसल्यावर एकदम कळ आली, तर ती 'उसण' समजू नका, एक्स-रे काढा. तेवढ्या धक्क्यानंही ठिसूळ मणका चेपतो. त्यांना बसमध्ये पुढच्या बाजूला जागा द्यावी.

शेवटी मागणी. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या उद्देशातच कामगारांच्या आरोग्य आणि सुरक्षिततेच्या उपाययोजना लिहिलेल्या आहेत. बाजार समिती आणि माथाडी मंडळानं मिळून यार्डात तोलाईच्या जागी कट्टे बांधावेत, हळदीची पोती तीस किलोपर्यंत भरण्याचा विचार अडते-व्यापाऱ्यांनी करावा, कारखान्यांनी ट्रॉलीवर चढायच्या फळीला आडव्या पट्ट्या ठोकून द्याव्यात आणि मोळीचं वजन ठरवून द्यावं. हळदीची आवक वाढण्याआधी निदान एका गाळ्यासमोर कट्टा बांधून हंगामभर वापरून पाहावा. त्याची उंची पोत्याच्या माथ्यापर्यंत मोजू नये, हमालाचे हात पोत्याखाली जिथं जातात तिथपर्यंत मोजावी.

आपले,
दोन फिजिओथेरपिस्ट, सांगली